विरजणाखालचा शोध

चारुदत्त पेंढारकर अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावी पीएच.डी.साठी अवकाशातून येणारे कण मोजायचा. हिवाळ्यात हवा आकसते, त्यामुळे हे कण जमिनीवर थोडे जास्त पोचतात, हे साऱ्या जगाला ठाऊक. चारुदत्तच्या यंत्रावर मात्र दोन हिवाळे ते कमी भरत होते. दुसऱ्या कुणाला घाम फुटला असता. ह्याला हर्षवायू झाला.

"देवयानी, सगळे चुकलेत यार! पेपर पब्लिश होऊ दे, मग बघ," हे मी त्याच्याकडून बसमध्ये, दुकानात, अगदी लोकांच्या बारशातही ऐकलंय.

घमेंडीला कारण होतं म्हणे. हवेचा दाब, तापमान, बर्फ, सगळं तो तासातासाला लिहून ठेवायचा आणि आम्हा बाकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगांना नाकं मुरडायचा.

दुसरी घमेंड दह्याची. त्या थंडीत आमच्या अपार्टमेंटमध्ये दूध तीन दिवस दूधच राहायचं. त्याच्या यंत्राच्या कपाटावर मात्र छान ऊब असे. मग नोव्हेंबर ते मार्च हा पठ्ठ्या सगळ्यांची पातेली मफलरीत गुंडाळून कॅम्पस बसने न्यायचा आणि कपाटावरच्या, कण मोजणाऱ्या पाटीवरच मांडायचा. दही असं लागे की सुरीने कापावं.

फेब्रुवारी २००६. पोस्टरसाठी यंत्राचा फोटो काढायला त्याचे प्रोफेसर आले. मी माझं पातेलं न्यायला आले होते. पाटीवर पाच पातेली कानटोप्या घालून बसलेली.

"व्हॉट इज धिस?"

"योगर्ट, सर. होममेड!" वर चव घ्यायचा आग्रह.

प्रोफेसरांनी एकेक पातेलं खाली ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले. तासाभरात आकडा चढला, पुस्तकात असतो तिथे जाऊन थांबला. कमजोर कण वीतभर दह्यातच अडकत होते. दोन हिवाळ्यांची मोजणी फुकट, डिग्री दोन वर्षं लांब. मला हसू यायला हवं होतं, पण त्याचा चेहरा बघून मी माझं पातेलं पिशवीत लपवलं.

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. सिद्धेश, मालिनी, नंदू, सगळ्या पातेलीवाल्यांचे त्याला फोन आले. प्रत्येकाने आधी अरेरे म्हटलं आणि मग विचारलं, "पण आता दही कुठे लावायचं?"

चारुदत्तने फोन बंद केला आणि माझ्याकडे पाहिलं. सांगायला लाज वाटते, पण मीही तेच विचारणार होते.