स्पीकरवर टेकलेला तळहात

बारामतीतल्या आमच्या कॅफेत गॉथ नाइट ठरली. गॉथ म्हणजे काळे कपडे, जाड काजळ आणि उदास गाणी. साउंडवाला जवळच्या सणसर गावचा, पन्नाशीचा. नाव विचारायचं राहूनच गेलं. दुपारी मी एकेक गाणं लावत होते आणि तो डोळे मिटून स्पीकरवर तळहात टेकवत होता.

माझं सगळ्यात लाडकं गाणं लागलं, तसा त्यानं हात उचलला.

"न्हाय ताई. ह्ये नुसतं रडतंय. रडू गळ्यात असू द्या, पर ठेका पायात पायजे."

"तुम्हाला काय माहीत?" मी चिडलेच.

"मयतापुढं हलगी वाजवायचो मी. तितंबी माणसं चालती ठेवाय लागत्यात."

मी ते गाणं यादीतून काढलं. त्या रात्री सगळी काजळवाली नाचली. एकाही खुर्चीवर कुणी बसलं नाही.