डोंगरावरचा हीटर

माणसाला ऊब देण्याइतके मोठे पुण्य दुसरे नाही. धूळ बसलेला हीटर तापताना येणारा जळका वास आला की मला हे वाक्य आठवते, कारण आमच्या मॅनेजरसाहेबांनी ते ओमानमधल्या जबल अख्दर डोंगरावरच्या मजूर वसाहतीत, कॅमेऱ्यासमोर उच्चारले होते. हिवाळ्यात त्या डोंगरावर नळातले पाणी गोठायचे, आणि पत्र्याच्या खोलीत रत्नागिरीकडचे एक म्हातारे गवंडी, सगळ्यांचे चाचा, तापाने कुडकुडत पडले होते. साहेबांनी नवा हीटर लावला, चाचांना उठवून त्यापुढे बसवले, फोटो काढून घेतले आणि प्लग उपटला. "साहेब, आजची रात तरी राहू द्या," चाचा म्हणाले. "जनरेटर बंद पडेल, चाचा. आणि तुम्ही कोकणातली माणसं काटक! हा रिकामा खोका ठेवा, खिडकीच्या फटीला लावा. यल्ला, निघू या." चाचांनी खोका फाडून फटीत कोंबला. नव्या वर्षाचे कंपनीचे कॅलेंडर आले तेव्हा पहिल्याच पानावर चाचा हात शेकत हसत होते. न्यूमोनियाने गेलेले चाचा तोवर पेटीतून गावी पोहोचले होते. हीटर अजून मस्कतमधल्या कुरुमच्या ऑफिसात साहेबांच्या टेबलाखाली आहे. एसीमुळे त्यांचे पाय गारठतात.