अर्ध्या चालीचा बँड

होतूसाईं कुठंही पोचला की आधी शीळ घालायचा. कारखान्याचं फाटक असो, पाण्याचा नळ असो, नाहीतर लग्नाचा मांडव. डोक्यावरचा पापडांचा डबा तसाच ठेवून पाच-सहा सुरांची एक चाल वाजवायचा, तीही अर्धी. मग मान तिरकी करून उभा राहायचा. आपण दहापर्यंत मोजावं एवढा वेळ. मग स्वतःशीच "नहीं" म्हणायचा आणि डबा खाली उतरवायचा.

मी तेव्हा अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात होतो. शाळा तिसरीतच सोडलेली, पण ढोल वाजवण्यात बदलापूरपासून कल्याणपर्यंत माझ्या तोडीचा कोणी नव्हता, हे मी आजही सांगतो. ती अर्धी चाल ऐकली की माझ्या हाताला खाज सुटायची. एक दिवस त्याला फाटकातच अडवलं. "काय रे साईं, पुढचं येत नाही का?"

"येतं. पर वो मेरा नहीं. ते परसूचं आहे."

परसू म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. सिंधमध्ये त्यांच्या घरात जेवायला हाक मारायची ती शिळेनं. अर्धी चाल होतूनं वाजवायची, उरलेली परसूनं. घराबाहेर कुणाला ती ठाऊक नव्हती. फाळणीत पळून येताना कराचीच्या बंदरात दोघांचा हात सुटला. होतू बोटीत चढला, परसू धक्क्यावर राहिला. मागच्या बोटी कुठल्या कुठल्या बंदराला लागल्या, देव जाणे. आईबाप आधीच गेलेले. जगात होतूला तेवढं एकच माणूस उरलं होतं.

"मग नाव विचारत फिर की," मी म्हटलं. "शिट्ट्या काय मारतोस?"

"साईं, निर्वासितांच्या कॅम्पात परसराम गल्लीगल्लीत आहेत. दस जणांच्या दारात जाऊन आलो. दसही वेळा कलेजा इथं आला." त्यानं गळ्यावर हात ठेवला. "आता शीळच विचारते."

पहिल्या सव्वीस जानेवारीला उल्हासनगरात मोठी मिरवणूक निघायची होती. पाचही कॅम्पांतली माणसं रस्त्यावर येणार. होतूच्या डोक्यात आलं, एकट्याची शीळ कितीशी लांब जाणार? बँड काढायचा. पैसा नाही, वाद्यं नाहीत. तो म्हणाला, "गंमत का बँड, धोंडू. लोक हसायला तरी थांबतील. थांबले की ऐकतील."

आम्ही नऊ जण जमलो. तुपाचे रिकामे डबे, दोन पितळी थाळ्या, कागद लावलेले कंगवे, सायकलीचा भोंगा, आणि माझा ढोल. कारखान्यात चुकीच्या छापलेल्या लेबलांची रद्दी पडायची, ती खळीनं चिकटवून टोप्या केल्या. पुढं होतू, हातात पापडाचं लाटणं. तीच त्याची बँडमास्तराची काठी. कॅम्पातल्या बराकीमागच्या मैदानात रविवारी तालीम चालायची. होतूची अर्धी चाल वाजवायची, लाटणं वर गेलं की सगळ्यांनी थांबायचं आणि ते खाली येईपर्यंत श्वासही जपून घ्यायचा.

मला हे थांबणं पटेना. "साईं, पुढचं शिकव. मी एकदा ऐकलं की वाजवतो."

"सगळ्यांना आलं तर कोणीही वाजवील, चरिया. मग मी ओळखणार कुणाला?" चरिया म्हणजे वेडा. मला तोंडावर वेडा म्हणणारा तो एकटाच, आणि मी ऐकून घेतलं.

मिरवणुकीला ही गर्दी! बराकींच्या पत्र्यांवर माणसं चढलेली. आम्ही दिसलो की पोरंबाळं किंचाळायची, बाया पदरात हसायच्या. पहिल्या चौकात लाटणं वर गेलं, आम्ही थांबलो. काही नाही. दुसऱ्या चौकातही तसंच. लोक ओरडायला लागले, "अरे, चावी भरा यांना!"

तिसऱ्या ठिकाणी बदलापूरकडची माझी गाववाली मंडळी उभी होती, मला बघायला आलेली. बँड थांबला आणि त्यातला एक खच्चून ओरडला, "धोंड्या, ढोल फाटला का रं? का सिंध्यानं हात बांधलं?"

सगळा रस्ता हसला. माझ्या कानशिलात रक्त चढलं. लाटणं अजून वरच होतं. ते मला दिसत होतं, दिसत नव्हतं असं मी म्हणणार नाही. तरी मी टिपरू हाणलं. गावची होळीची चाल धरली. मागून डबे आले, थाळ्या आल्या, गाववाले नाचायला लागले. असा ढोल मी पुन्हा कधी वाजवला नाही.

होतू धावत आला आणि दोन्ही हातांनी त्यानं ढोलाचं कातडं दाबून धरलं. तोंड पांढरंफटक. "चूप! कोणीतरी शीळ घातली."

"कुठनं?"

"त्या बाजूनं. शायद. तुझ्या ढोलात नीट ऐकू नाही आलं."

त्या बाजूला पत्र्यांवर दोनेकशे माणसं होती आणि सगळीच ओरडत होती. होतू टोपीसकट त्यांच्यात घुसला. आम्ही ताटकळून पुढं निघालो, तो मिरवणुकीत परत आला नाही.

पुढं महिनाभर तो रोज संध्याकाळी त्याच बराकींपाशी जाऊन शीळ घालायचा. मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर मी भांडलो असतो, आणि मोकळा झालो असतो. मीही माफ कर म्हटलं नाही. मिरवणुकीला आलेला माणूस दुसऱ्या गावचाही असेल, असं कुणी म्हणालं. पिंपरीला, कोल्हापूरकडंही कॅम्प होते.

एका सकाळी तो माझ्या खोलीवर आला. आत येऊन दार लावलं.

"मी तिकडे शोधायला चाललो, धोंडू. पण मागून परसू इथं आला तर? ज्याला पुढचं माहीत आहे असा एक माणूस इथं पाहिजे."

"मग बाकीच्यांना सांग. सात जण आहेत की बँडात."

"ते विसरतील. तू नाही विसरणार. तुला लागलंय."

"मला काही लागलेलं नाही," मी म्हटलं.

त्यानं ओठ भिजवले आणि पुढची चाल हळू वाजवली. माझ्या कानाशी, भिंतीपलीकडं जाऊ नये अशी. एकदा ऐकून वाजवणारा मी, पण ते चार-पाच सूर बसायला दुपार झाली. तो चिडला नाही. चुकलं की पहिल्यापासून, चुकलं की पहिल्यापासून. मग डबा उचलून गेला. पत्र कधी आलं नाही. त्याला मराठी लिहिता येत नव्हतं, आणि मला सिंधी कोण वाचून दाखवणार?

परवा सून म्हणाली, "मामंजी, ती चाल मोबाईलमध्ये भरून ठेवू का? तुमच्यामागं कुणाला कळणार?" मी नाही म्हटलं. शब्द दिला नव्हता, पण सूर घेतले तर होते. त्या दिवसानंतर ते सूर मी कुणासमोर, एकट्यानंसुद्धा, तोंडाबाहेर काढलेले नाहीत. मनातल्या मनात रोज म्हणतो. अलीकडं शेवटच्या सुराशी अडतो. तो वर जायचा की खाली, हे विचारायला कोणी नाही.