वाट देणारी होडी

टक्कर झाली तेव्हा माझ्या एका हातात शिट्टी होती आणि दुसऱ्या हातात वडापाव. शिट्टी वाजवायला हवी होती. मी वडापाव कुठे ठेवायचा ते बघत बसलो. तेवढ्यात पाण्यावरून आवाज आला, पत्र्यावर नारळ आपटावा तसा. दोन होड्या समोरासमोर एकमेकींच्या नाकावर बसल्या होत्या. एकीत आमच्या क्लबचे अध्यक्ष होते. दुसरीत सुवर्णा होती, आणि तिच्या पुढे बसलेले डॉक्टर फणसे दोन्ही हातांनी पाण्यात काहीतरी चाचपत होते.

"माझा चष्मा!" ते ओरडत होते. "कदम, रेस थांबवा! माझा चष्मा!"

मी रेस थांबवली. चष्मा काही मिळाला नाही.

आता थोडं मागचं सांगतो. शहापूर आणि मुरबाडच्या मधल्या डोंगरात एक तलाव आहे. त्याच्या काठावर आमचा सेलिंग क्लब. सेलिंग म्हणजे शिडाची होडी वाऱ्यावर चालवणं, इंजिन नाही. मी तिथला पगारी इन्स्ट्रक्टर. रविवारी सोशल रेस असते. सोशल म्हणजे बक्षीस नाही, हौसेची. पाण्यात तीन मार्क सोडलेले असतात, मार्क म्हणजे नारिंगी मोठे फुगे. त्यांना वळसे घालून परत यायचं. ठाण्या-कल्याणचे मेंबर गाड्या घेऊन येतात. शहापूरला नाश्त्याला थांबतात आणि उशिरा पोचतात. मग कुणाच्या होडीचं बूच सापडत नाही, कुणाची दोरी उंदराने खाल्लेली असते, आणि सगळं ठीकठाक होईपर्यंत सिद्धगडाकडून उतरणारा सकाळचा चांगला वारा पडलेला असतो. मग ते मला विचारतात, "कदम, वारा का नाही?" मी सॉरी म्हणतो. ही माझी सवय आहे.

क्लबने आसपासच्या गावांतल्या लोकांसाठीही ट्रेनिंग सुरू केलं. त्यात सुवर्णा आली. धसईच्या पुढे तिचं गाव. घरची भातशेती. नवरा शेती बघतो आणि ती हायवेवरच्या गोदामात पॅकिंगला जाते. रविवार तिच्या सुट्टीचा. वारा कळायला लोकांना वर्षं लागतात. तिला तो लवकर कळला. पाण्यावर काळी सुरकुती दिसली की ती म्हणायची, "सर, आला बघा, धरा." आणि तो यायचा.

क्लबला शाळांच्या बॅचसाठी असिस्टंट इन्स्ट्रक्टर हवा होता. मी सुवर्णाचं नाव दिलं. कमिटीने अट घातली: तिने मेंबरांच्या रेसमध्ये सुकाणूवर बसून नीट रेस करून दाखवावी. मी तिला म्हणालो, "होऊन जाईल, काळजी करू नकोस." तिने माझ्या शब्दावर गोदामात सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंतच येणार. तिच्या जागी दुसरी बाई ठरलीसुद्धा. हे तिने मला सांगितलं त्या दिवसापासून मला नीट जेवण गेलं नाही.

कारण रविवारच्या रेसमध्ये ती शेवटी यायची.

मला काही केल्या कळेना. ट्रेनिंगच्या बॅचमध्ये ती सगळ्यांना मागे टाकायची. कुणी आडवं आलं तर "ए, हट, दिसत नाय का रे!" असं ओरडायची, की समोरचा घाबरून वळायचा. रविवारी मेंबर आले की तीच बाई अंग चोरून चालवायची. मी तिला रागावलो. "भितेस कशाला?" ती म्हणायची, "भीत नाय सर." मग पुढच्या रविवारी पुन्हा शेवटी. मी स्वतःवर वैतागलो, तिच्यावर वैतागलो, वाऱ्यावरसुद्धा वैतागलो. आणि शेवटी ही टक्कर.

शर्यतीचा पहिला नियम सोपा आहे. वारा ज्या होडीच्या उजव्या बाजूने येतो ती स्टारबोर्डवर. डाव्या बाजूने येतो ती पोर्टवर. दोघी समोर आल्या तर पोर्टवाल्याने वाट द्यायची. स्टारबोर्डवालीने "स्टारबोर्ड!" अशी हाळी घालायची आणि सरळ जायचं. सरळ म्हणजे सरळ. कारण पोर्टवाला तिच्या मागून जायचा हिशेब करून वळलेला असतो.

त्या दिवशी सुवर्णा स्टारबोर्डवर होती. अध्यक्ष सबनीस साहेब पोर्टवर. सेलिंग क्लबात अध्यक्षाला कमोडोर म्हणतात, त्याचा नौदलाशी काही संबंध नाही. सबनीसांचा तर सिमेंटशी होता. पण नियमाला ते पक्के. त्यांनी तिला पाहिलं आणि तिच्या मागून जायला वळले. त्याच क्षणी ती त्यांच्या मागून जायला वळली. अरुंद बांधावर समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकतात, तसं झालं.

प्रोटेस्ट झाला. प्रोटेस्ट म्हणजे तक्रार. त्याची सुनावणी होते, तीन मेंबर पंच म्हणून बसतात. शेडखाली प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. सबनीसांच्या होडीच्या नाकाला तडा गेला होता. ती शेजारी उलटी घालून ठेवली होती, पुरावा म्हणून. डॉक्टर फणसे दातांचे डॉक्टर आहेत. ते चष्म्याशिवाय डोळे बारीक करून भलत्याच खुर्चीकडे बघून साक्ष देत होते.

"मी तिला सांगत होतो, स्टारबोर्ड बोल, स्टारबोर्ड बोल! ही म्हणते, साहेब येतायत. म्हटलं येऊ दे! तर हिने सुकाणू फिरवलं."

सबनीसांनी तिला विचारलं, "सुवर्णा, हक्क तुझा होता. तू वळलीस का?"

"साहेब, तुमी येत होते ना."

"मग?"

"मग काय. वाट दिली."

"अगं पण नियम काय आहे?"

"नियम हाय मला ठाव. पण तुमी मोठी मानसं." मग तिने माझ्याकडे बघितलं. "आन सरच तर सांगतात दर रविवारी. मेंबर आले, बाजूला व्हा. मेंबर आले, वाट द्या."

सगळे माझ्याकडे वळले.

मी ते सांगतो. दर रविवारी ओरडून सांगतो. पण ते रॅम्पबद्दल. रॅम्प म्हणजे होड्या पाण्यात ढकलायचा सिमेंटचा उतार. ट्रेनिंगच्या होड्या तिथे लावलेल्या असल्या की मेंबर कुरकुर करतात. म्हणून मी आदल्या आठवड्याच्या त्याच सुरात ओरडतो, "मेंबर आले, बाजूला व्हा!" रॅम्प संपला की हा नियमही संपतो, हे सांगायचं मला कधी सुचलंच नाही. आणि जिला दिवसभर वाट द्यायला सांगितली, तिने पाण्यावर गेल्यावर एकदम हक्क बजावावा अशी माझी अपेक्षा होती.

मी उभा राहिलो. "साहेब, ही चूक सर्वस्वी माझी आहे. तिचा काही दोष नाही. मीच तिला असं शिकवलं, आणि मीच तिला नोकरी सोडायला..."

"कदम, खाली बसा," सबनीस म्हणाले. "तुम्ही पुन्हा सुरू होऊ नका. गेल्या वर्षी पाऊस लांबला तेव्हासुद्धा तुम्ही माफी मागितली होती. इथे नियमाचं बघायचंय."

आणि नियमाने त्यांचंच बरोबर होतं. हक्क असलेल्या होडीने अचानक दिशा बदलून दुसऱ्याला अडचणीत आणायचं नाही. सुवर्णाची होडी बाद झाली.

"पोस्टचं काय?" मी विचारलं.

डॉक्टर फणसे म्हणाले, "जी कधी कुठे वळेल सांगता येत नाही तिच्या होडीत शाळेची मुलं बसवणार?"

सबनीसांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "पुढच्या रविवारी एक रेस. मी मुद्दाम हिच्या अंगावर येणार. सरळ गेली तर पोस्ट. वळली तर नाही."

त्या आठवड्यात सुवर्णाने गोदामात दुपारची पाळी मागून घेतली आणि सकाळी येऊ लागली. मी सबनीसांसारखी पांढरी टोपी घातली आणि पोर्टवरून तिच्या अंगावर होडी घालू लागलो. ती आधी हसली. मग वळली. मी पुन्हा घातली, ती पुन्हा वळली.

"सुवर्णा! मी कदम आहे!"

"म्हणून तर. तुमी सर हाव."

"टोपी काढू का?"

"टोपीनं काय होतंय? मानूस तोच ना."

मी चिडलो, आणि चिडल्याचं लगेच वाईट वाटलं. दोन्ही होड्या काठाला लावल्या. मी तिला म्हणालो की माझ्यामुळे तिची नोकरी गेली, मी शब्द द्यायला नको होता, मी रॅम्पवर ओरडायला नको होतं. बरंच काही म्हणालो.

ती दोरी गुंडाळत होती. तिने दोरी खाली टाकली. "सर, तुमी सॉरी म्हणायचं थांबा की जरा. मी तुमचं सॉरी आयकू का वारा बघू? गोदामातली बाय मला इचारते, तुझं झालं का नक्की. घरी इचारतात. तुमी सॉरी म्हणलं की मला वाटतं आता नायच होत."

मी मान खाली घालून, जे सुचलं ते सांगितलं. "तू वाट देतेस, ते मानाने देतेस. पण पाण्यावर समोरच्याने आधीच ठरवलेलं असतं, तुझ्या मागून जायचं. तू हललीस की त्याची वाट मोडते. तुझं सरळ जाणं हीच त्याला दिलेली वाट आहे."

तिने दोरी पुन्हा उचलली.

"म्हणजे डोक्यावर भारा असला की, तसं?"

"कसं?"

"बांधावरनं भारा घेऊन येते बाय. समोरनं कोण आलं तर बाय नाय हटत. भारा घेऊन हटली तर पडंल, आन समोरच्याच्या अंगावर पडंल. रिकामा मानूस चिखलात उतरतो. सरपंच आला तरी उतरतो."

"हो," मी म्हणालो. "अगदी तसं."

"म्हणजे स्टारबोर्डला भारा माझ्या डोक्यावर."

"हो."

"मंग असं सांगायचं ना पयल्यापासनं! निसतं उजवं डावं, उजवं डावं!"

मी सॉरी म्हणणार होतो. म्हणालो नाही. पुन्हा पाण्यात उतरलो. ती मधूनच एकदा वळली, तिचं तिलाच कळलं, आणि स्वतःलाच शिवी देऊन परत सरळ झाली. खात्री मला शेवटपर्यंत वाटली नाही.

रविवार उजाडला. मेंबर नेहमीप्रमाणे उशिरा आले. डॉक्टर फणसे नवा चष्मा दोरीने मानेला बांधून आले. रेसच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात. त्यांना पुन्हा सुवर्णाचीच होडी आली. "माझं नशीब," ते म्हणाले आणि पुढे जाऊन बसले. रेस सुरू झाली. या वेळी माझ्या हातात फक्त शिट्टी होती.

पहिल्या मार्कच्या आधी सबनीस पोर्टवर आले. ते खरंच अंगावर आले. नेहमी वळतात तिथे वळले नाहीत, अजून पुढे आले. सुवर्णा स्टारबोर्डवर. मला तिचा हात सुकाणूवर दिसत होता. तो थोडा हलला. मी डोळे मिटले, हे खरं सांगतो. रेस चालवणाऱ्याने डोळे मिटू नयेत.

"स्टारबोर्ड!" तिचा आवाज आला.

मी डोळे उघडले. सबनीस अजून येत होते.

"स्टारबोर्ड! ओ साहेब! हटा ना! भारा हाय!"

"हटा!" डॉक्टर फणसेसुद्धा ओरडले. एका हाताने त्यांनी चष्मा धरला होता.

सबनीस वळले. उशिरा वळले, त्यांचं शीड फडफडलं, होडी कलंडता कलंडता वाचली आणि तिच्या मागून निघून गेली. सुवर्णा सरळ गेली. इतकी सरळ गेली की मार्कला वळायची जागासुद्धा थोडी चुकली. रेसमध्ये ती चौथी आली.

काठावर आल्यावर सबनीस ओले होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "कदम, भारा म्हणजे काय?"

"गवताचा भारा, साहेब. डोक्यावरचा."

"मग तो होडीत कुठे होता?"

मी समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "बरं. तिला पहिल्या तारखेपासून यायला सांगा."

सुवर्णा आता शाळेच्या बॅचला शिकवते. उजवं-डावं ती नंतर सांगते, आधी मुलांच्या डोक्यावर गवताची पेंढी ठेवून त्यांना रॅम्पच्या कडेवरून चालायला लावते. शहापूरच्या शाळेतल्या मुलांना ते पटकन कळतं. ठाण्याच्या मुलांना आधी पेंढी म्हणजे काय ते सांगावं लागतं.

रॅम्पवर मी ओरडायचं बंद केलं. तिथे आता जो आधी आला त्याची होडी आधी, मेंबर असो की ट्रेनिंगवाला. मेंबरांनी त्याची तक्रार केली. कमोडोरही रांगेत उभे राहतात आणि कुरकुर करतात. मधे एकदा त्यांच्या पुढे सुवर्णाची होडी होती. ते म्हणाले, "जरा बाजूला घे ना." ती म्हणाली, "साहेब, रांग हाय." ते माझ्याकडे बघू लागले. मी दुसरीकडे बघितलं.

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो, की कुणाला बाजूला व्हायला सांगायचं असेल तर कुठपर्यंत, तेही त्याच वाक्यात सांगावं. नाहीतर ते माणूस आयुष्यभर बाजूला होत राहतं, आणि एक दिवस भलत्याच ठिकाणी तुमच्यावर येऊन आदळतं.

सबनीसांच्या होडीच्या नाकावरचा तडा अजून पुरता बुजलेला नाही. ते काम माझ्याकडे आहे आणि राहून जातंय. त्याचं मला वाईट वाटतं. पण या वेळी मी सॉरी म्हटलेलं नाही.