जमिनीखालून जाणारे

आधीच सांगते, माझे अक्षर वाकडे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमले नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणाच्या हाती ही वही पडलीच तर माफ करावे.

आम्ही बेने इस्राएल ज्यू, मूळचे कोकणातले. यांची दिल्लीत सरकारी नोकरी, तळमजल्यावर दोन खोल्यांचे क्वार्टर. सासरे आमच्याजवळ असत. ज्यूंचा मुलूख पुन्हा उभा राहून तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. सासऱ्यांचे धाकटे भाऊ तिकडे गेलेही होते. सासरे रोज दुपारी संदेष्ट्याची ती गोष्ट मोठ्याने वाचत: मैदानभर पडलेली वाळकी हाडे एकमेकांना जुळून उठतात आणि देव त्यांना आपल्या देशात परत नेतो.

"झाले ना खरे?" ते म्हणत. "मग मला इथे पुरू नका. त्या मुलखाबाहेर पुरलेल्याला उठायच्या वेळी जमिनीखालून लोळत तिथवर जावे लागते. माझे गुडघे हे असले!"

"बाबा, मेल्यावर गुडघे दुखत नाहीत," हे म्हणायचे.

"अच्छा? तू मरून आलास वाटते?"

त्यांना तिकडे पाठवायचे ठरले, पण बोटीच्या तिकिटाला पैसे कमी पडले. शेजारच्या काकूंनी आपल्या भिशीतून दिले.

त्या उन्हाळ्यात सासरे दुपारी फरशीला कान लावून पडू लागले. बाहेर लूचे गरम वारे, खिडक्या बंद. "ऐक ग पोरी. निघालेत. पुष्कळ आहेत." मला वाटले, वय झाले. एकदा ते पलंगावर झोपलेले असताना फरशी पुसता पुसता मीही कान टेकला. खोल कुठेतरी, पाट्यावर वरवंटा फिरावा तसे काहीतरी संथ सरकत होते. आमच्याखाली तर नुसती जमीन. सरकत सरकत ते पलंगाखाली आले आणि थांबले. मी झटकन उठले.

बोटीला आठ दिवस असताना सासरे गेले.

अंघोळ घालायला माणसे जमली. प्रार्थना म्हणणाऱ्या हझनांनी यरुशलेमची माती मागितली. ती आमच्यात मेलेल्याच्या उशाशी ठेवतात.

"तिकडच्या काकांनी पाठवली होती ना?" यांनी मला विचारले.

पार्सलातून एक पुरचुंडी आली होती खरी. तिच्यावरचे अक्षर मला वाचता आले नाही आणि विचारायची लाज वाटली. आमच्या मलिद्याच्या विधीत ताटात वासाला सब्जा लागतो, म्हणून मी कुंडीत सब्जा लावला होता. झाडासाठीच माती पाठवली असेल, असे समजून मी ती कुंडीत ओतली होती.

मागे जाऊन कुंडी उपडी केली. मुळांनी माती मुठीसारखी आवळून धरली होती, सुटेना. मुळांसकट ढेकूळ फडक्यात बांधून दिले. कुणी उघडून पाहिले नाही; तसेच उशाशी ठेवून त्यांना इथेच पुरले.

सुतकाचे सात दिवस आम्ही जमिनीवर बसून काढले. सातव्या दुपारी माझ्या चटईखाली आवाज आला. थोडा सरके, थांबे, पुन्हा सरके. मग पश्चिमेच्या भिंतीखालून निघून गेला.

"काय झाले?" यांनी विचारले.

"काही नाही."

तिकिटाचे निम्मेच पैसे परत मिळाले, ते काकूंना दिले. उरलेले मी ब्लाउज शिवून थोडे थोडे फेडले. शेवटचे पैसे द्यायला गेले तेव्हा काकू म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांचे जायचे राहूनच गेले ग."

ते गेले, जमिनीखालून पश्चिमेला, असे सांगावेसे वाटले. "हे शेवटचे," एवढेच म्हणून मी नोटा त्यांच्या हातात ठेवल्या. सगळे पैसे फिटले.