पिवळा उजेड आणि आईचा तवा

मंडळी, आज बाबांच्या जुन्या गाडीचे हॅलोजन काढून एलईडी बल्ब बसवून घेतले. देपालपूरला रोजचं येणं-जाणं, संध्याकाळी परतताना समोरचं नीट दिसायचंच नाही. मेकॅनिक म्हणाला, "भिया, अब देखना, एकदम दिन जैसा उजाला." खरंच तसा पांढराशुभ्र पडला. मी पण खूश.

तसाच सुदामा नगरला घरी आलो. आमच्याकडे हॉर्न द्यायची पद्धत नाही. गाडी गेटकडे वळली की हेडलाइटचा पिवळा उजेड किचनच्या भिंतीवर पडतो, आणि आई पोळ्यांसाठी तवा चढवते. बाबा नोकरीत होते तेव्हापासूनचं हे. बाबा गेले, गाडी माझ्याकडे आली, तरी तेच चालू होतं.

आज आत गेलो तर गॅस बंद, आई खिडकीशी उभी.

"तू होतास होय? मला वाटलं, शेजारी कोणी आलं."

"अगं, नवे लाइट लावलेत. किती साफ दिसतं बघ."

"चांगले आहेत," म्हणाली आणि तवा ठेवायला वळली. मग पाठमोरीच बोलली, "कालपर्यंत पिवळा उजेड आला ना, की आधी हेच घरी यायचे. मग गाडीतून तू उतरायचास."

तुमच्या घरात आहे का असं काही, जे बदलायच्या आधी कुणाला तरी विचारायला हवं?

जुने बल्ब अजून डिक्कीत आहेत. उद्या परत लावून घेतो. रस्ता जरा कमी दिसेल, बघून घेऊ.