ओढ्यावर ठेवलेली कळशी

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. मांजर आडवं गेलं तर मी मांजरालाच हाकलते. तरी हे लिहितेय... कारण कळशी माझ्याच हातात होती.

लोणावळ्यात आमच्या सोसायटीसमोरच्या रस्त्याखालून एक ओढा जातो. पूर्वी उघडा वाहायचा, आता वर डांबर. सोसायटीमागे तेवढा एक तुकडा उघडा उरलाय, त्यावरही स्लॅब टाकून पार्किंग करायचं घाटतंय. "अहो मॅडम, गटार आहे ते!" — इति सेक्रेटरी. मी पत्रकं वाटली, ओढ्याच्या वाटेवरून फेरी काढली. फेरीला आम्ही घरच्याच बायका.

तेवढ्यात धाकट्या जावेला, वैशालीला, मुलगी झाली. बाळंतीण पहिल्यांदा घराबाहेर पडते ती पाणवठा पुजायला आणि पाण्याची कळशी घेऊन परतते. हल्ली सोसायटीच्या नळालाच हळदकुंकू लावून सगळे मोकळे होतात. मी ठरवलं, पूजा भर रस्त्यात, ओढ्यावरच करायची आणि कळशी रिकामीच परत आणायची. कळू दे लोकांना, काय गमावलंय ते.

सासूबाई मावळातल्या टाकवे गावच्या. भडकल्याच. "बाळंतिणीची कळशी रिकामी न्हाई आणायची घरात. लेकराला दूध कमी पडतं. तुजी फेरी तुज्यापाशी ठेव!"

वैशालीला तसंही दूध कमीच येत होतं. तरीही मी हट्ट सोडला नाही.

मे महिना, टळटळीत ऊन. रस्त्यात ओढ्यावरच्या चेंबरच्या, सिमेंटनं बंद केलेल्या झाकणावर पाच खडे मांडले. मीच कळशी पालथी करून सगळ्यांना दाखवली आणि शेजारी ठेवली. घुगऱ्यांसाठी का होईना, बरीच माणसं जमली होती, सेक्रेटरीसुद्धा. वैशालीनं हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मग कळशी उचलायला वाकली, आणि तशीच राहिली.

"ताई... उचलत नाहीये."

मी हात लावला. कळशी गार होती. काठोकाठ भरलेली... पाण्याला ओल्या मातीचा वास. आजूबाजूला डांबरावर थेंबसुद्धा नव्हता.

सेक्रेटरींनी हळूच चपला काढल्या. वैशाली रडायला लागली आणि खरं सांगते, मीही.

कोणी चलाखी केली म्हणावं, तर इतक्या जणांसमोर कधी? स्लॅबचा ठराव येत्या सभेत आहे.

त्या दिवशी घरी येताना मी सासूबाईंना विचारलं, "आई, कोणी भरली असेल हो?"

"ज्याच्या दारी नेलतीस, त्यानं," त्या म्हणाल्या. "दारी आलेल्या बाळंतिणीला रिकाम्या हातानं धाडतं का कुनी?"